डोंगर, जंगल आणि नदीखोऱ्यातून ग्रॅव्हल सायकलिंग: वाट निवडण्यापासून सायकल धुण्यापर्यंत

डांबरी रस्त्यावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज मारणारा माणूस जंगलातल्या खडीच्या वाटेवर पहिल्यांदा उतरला की साठ किलोमीटरलाच त्याचा दिवस संपतो. आपला दम कमी पडला, असं त्याला वाटतं. माझ्या मते बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं ते वाचन. डोंगराळ जंगलातून आणि नदीखोऱ्यातून अशा खडीच्या, कच्च्या वाटांनी सायकल न्यायची, म्हणजेच ग्रॅव्हल सायकलिंग करायचं, तर नकाशा वाचता आला पाहिजे, पुढच्या चाकासमोरची दहा मीटर जमीन वाचता आली पाहिजे आणि ओढा आडवा आला की त्याचं पाणी वाचता आलं पाहिजे. ही तिन्ही वाचनं कुठल्याही वयात शिकता येतात, म्हणून हा लेख इतका सविस्तर लिहितो आहे.

डांबरी रस्त्यावर ४०-५० किलोमीटर चालवायची सवय आणि किमान ४० मिमीचा टायर बसेल अशी डिस्क ब्रेकची सायकल, एवढं जवळ असलं की पुढचं सगळं लागू पडतं.

१. आधी नकाशा

खोऱ्यातली वाट दोन प्रकारची असते. एक डोंगराच्या धारेवरून जाते, दुसरी नदीच्या काठाने. नवख्याला काठची वाट सोपी वाटते, कारण नदी तर सपाटच वाहताना दिसते. पण नदीला दोन्ही बाजूंनी ओढे येऊन मिळतात आणि काठची वाट प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरून पुन्हा वर चढते. असे दहा ओढे आले आणि प्रत्येकाने ३० मीटर चढवलं, तर ३०० मीटरचा चढ झाला. शिवाय तो तुकड्यातुकड्यांचा चढ असल्याने लय लागू देत नाही.

हा चढ मोबाइलमधल्या चढ-उताराच्या आलेखात पूर्ण दिसेलच असं नाही. अनेक अॅप जी उंची दाखवतात, ती २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवर किंवा तशाच माहितीवर आधारलेली असते. त्या मोजणीत जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन असतात. वीस मीटर रुंदीची घळ अशा चौकोनात सरासरीत बुडून जाते. दाट जंगलात रडारचा किरण काही अंशी झाडांच्या शेंड्यांवरूनच परततो, त्यामुळे तिथली उंची आणखी फसवी असते.

यावर उपाय म्हणजे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, स्वतः वाचायच्या. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किलोमीटर. दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असेल आणि तुमची वाट त्या २ सेंटीमीटरमध्ये पाच रेषा ओलांडत असेल, तर १ किलोमीटरमध्ये १०० मीटर चढ झाला, म्हणजे सरासरी १० टक्के. खडीवर हा चढ कठीणच. रेषांचा कोन डोंगराच्या वरच्या बाजूला टोक करत असेल तर तिथे ओढा आहे, खालच्या बाजूला टोक करत असेल तर ती सोंड आहे. नदीकाठच्या वाटेवर असे वरच्या दिशेचे कोन मोजले की दिवसात किती वेळा उतरून चढायचं आहे ते कळतं.

चढानंतर पृष्ठभाग पाहायचा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशात कच्च्या गाडीवाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत दिलेली असते. ग्रेड १ म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला रस्ता, ग्रेड २ बहुतांशी खडीचा, ग्रेड ३ मध्ये कठीण आणि मऊ यांचं मिश्रण, ग्रेड ४ बहुतांशी माती आणि गवत, ग्रेड ५ तर मऊ जमीनच. कोमूट आणि राइड विथ जीपीएससारखी वाट आखायची साधनं ओपनस्ट्रीटमॅपचीच माहिती वापरतात. ग्रेड २ आणि ३ ही ग्रॅव्हल सायकलची हक्काची जागा. ग्रेड ४ कोरड्या दिवसांत चालतो. पाऊस पडून गेल्यावर ४ आणि ५ वर जाऊ नये, स्वतःसाठीही आणि त्या वाटेसाठीही. ही माहिती स्वयंसेवकांनी भरलेली असते, त्यामुळे काही ठिकाणी ती जुनी असते. उपग्रह चित्रावर वाट झाडांखाली नाहीशी होत असेल, तर ती प्रत्यक्षातही झुडपांनी बंद झाली असेल असं गृहीत धरा. संरक्षित जंगलात सायकलला परवानगी आहे का, लाकूडतोडीसाठी रस्ता बंद आहे का, हे वन विभागाला विचारूनच वाट पक्की करा.

फेरी कोणत्या दिशेने मारायची यावर फारसा कोणी विचार करत नाही, आणि त्याने दिवस बदलतो. माझा नियम असा: ज्या बाजूची खडी सुटी आणि चढ उभा आहे, ती बाजू चढायला घ्यायची, बरा रस्ता उतरायला. सुट्या खडीवरून चढताना फार तर उतरून ढकलावं लागतं. उतरताना त्याच खडीवर आपटायला होतं.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. स्वच्छ हवेच्या दिवशी डोंगराचे उतार तापतात आणि दुपारपर्यंत वारा खोऱ्याच्या मुखाकडून वरच्या टोकाकडे वाहू लागतो. रात्री तो उलटतो. म्हणून खोऱ्यातून खाली जाण्याचा लांब टप्पा सकाळी उरका आणि वर चढण्याचा टप्पा दुपारी घ्या, म्हणजे वारा पाठीशी राहील. कडक उन्हाळ्यात मात्र वाऱ्यापेक्षा सावली महत्त्वाची. तेव्हा चढ सकाळीच संपवा.

वेळेचा अंदाज बांधताना अंतराला १८ ने भागा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. ६० किलोमीटर आणि १२०० मीटर चढ असेल तर ३ तास २० मिनिटं अधिक २ तास, म्हणजे जवळजवळ साडेपाच तास. थांबे वेगळे. पहिल्या वेळी ३५-४० किलोमीटर आणि ५००-६०० मीटर चढ एवढंच ठरवा. नकाशावर दर १५-२० किलोमीटरला जवळच्या पक्क्या रस्त्याला मिळणारी एखादी वाट खूण करून ठेवा आणि आखलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल मोबाइलमध्ये नेटवर्कशिवाय उघडते आहे ना, ते निघण्याआधी एरोप्लेन मोड लावून तपासा.

२. टायर आणि हवा

सायकलमध्ये पैसे घालायचे असतील तर आधी टायरमध्ये घाला. बाकी सगळं नंतर.

डोंगराळ खडीसाठी ४० ते ५० मिमी रुंदी हवी. ४० मिमी घट्ट रस्त्यावर हलका चालतो, ४५ हा बहुतेकांना सगळीकडे पुरतो, दगडगोटे फार असतील तर ५०. फ्रेमच्या आत टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान ५-६ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. तिथे चिखल अडकला तर चाक फिरणं थांबतं. मधोमध बारीक नक्षी आणि कडेला उठावदार गुठळ्या असलेला टायर मिश्र रस्त्याला चांगला. टोकदार दगडांच्या भागात बाजूची भिंत जाड असलेलाच घ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ पासून २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची, ग्रॅव्हल शर्यत होते. तिथली चकमक फोडलेल्या काचेसारखी धारदार असते आणि टायरची बाजू सरळ कापते. असा काप तळाला पडत नाही, भिंतीला पडतो. म्हणून टायर विकत घेताना नक्षीबरोबरच भिंत दाबून पाहा.

हवा किती भरायची, हा या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. टायर कडक असेल तर प्रत्येक खड्याला सायकल आणि माणूस मिळून वर उचलले जातात. ती ऊर्जा शरीराच्या हादऱ्यांत जाते, पुढे जायला उरत नाही. टायर योग्य तेवढा मऊ असेल तर खडा टायरमध्ये रुततो आणि सायकल सरळ जाते. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर कमी हवेने चालवणारा जास्त जोरात जातो आणि संध्याकाळी कमी थकतो.

बॅगा लावलेल्या सायकलवरच्या ७५ किलोच्या माणसाने ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, ४० मिमी टायरला पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी. ४५ मिमीला पुढे २७, मागे ३०. ५० मिमीला पुढे २३, मागे २६. आत ट्यूब असेल तर प्रत्येकी ४-५ पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून दुहेरी पंक्चर होतं. हे आकडे सुरुवातीचे आहेत. आपला आकडा असा शोधायचा: अर्धा किलोमीटरचा खडबडीत तुकडा निवडा, एकदा जा, २ पीएसआय हवा सोडा, पुन्हा जा. कधीतरी वळणावर टायर अंगाखालून सरकल्यासारखा वाटेल किंवा रिम दगडावर ठक्कन वाजेल. तिथे थांबा आणि २-३ पीएसआय परत भरा. तो तुमचा आकडा, टायरसोबत लिहून ठेवा. पंपावरचा काटा कमी दाबाला चुकतो, वेगळा डिजिटल गेज घ्या.

उंचीवर गेल्यावर हवा बदलावी का, असं पुष्कळजण विचारतात. १००० मीटर वर गेल्यावर बाहेरचा दाब घटतो म्हणून टायरचा दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो आणि हवा साधारण साडेसहा अंशांनी गार झाल्यामुळे एक पीएसआयच्या आसपास कमी होतो. दोन्ही मिळून फरक नगण्य. त्याची चिंता करू नका.

ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे छोटी भोकं आपोआप बुजवणारं द्रव, दोन-तीन महिन्यांत सुकतं. निघायच्या आदल्या आठवड्यात व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून पाहा. ओली निघाली नाही तर ४५ मिमी टायरला ६० ते ८० मिलीलीटर नवं भरा.

३. गिअर आणि ब्रेक

गिअरचा हिशेब एकदा आकड्यांत केला की दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी गोंधळ होत नाही. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८७ किलो धरा. १० टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरने जायला साधारण १५५ वॅट लागतात. ते बऱ्यापैकी सराव असलेल्या माणसाला तासभर झेपतात. आता त्या वेगाला पाय किती फिरतील ते पाहा. पेडलजवळच्या पुढच्या चक्राला ४० आणि मागच्या चाकावरच्या चक्राला ३४ दात असतील तर मिनिटाला जेमतेम ३८ फेरे. एवढ्या संथ फेऱ्यात प्रत्येक दाब जड पडतो, मागचं चाक खडीवर घसरतं आणि गुडघे दुखतात. पुढे ४० आणि मागे ४४ असतील तर तेच फेरे ५० होतात. पुढे ३० आणि मागे ३६ असतील तर ५५. सामान घेऊन डोंगरात जाणाऱ्याने सर्वांत हलक्या गिअरला पुढचे दात मागच्यांपेक्षा कमीच ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. सपाटीवर सर्वांत जड गिअर थोडा कमी पडला तर नुकसान काही नाही.

ब्रेक हायड्रॉलिक असतील तर लांब उतारावर बोटं कमी दुखतात. केबलचे असतील तरी चालतं, फक्त केबलचा ताण रोज तपासा. ओल्या मातीत ब्रेकचे रेझिनचे पॅड फार लवकर झिजतात, तिथे धातूमिश्रित पॅड टिकतात. पॅडवरचा थर १ मिमीच्या आसपास आला की बदला.

४. सामान

जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात, हलक्या वस्तू हँडलवर आणि सीटमागे. सीटमागची बॅग जड झाली की उतारावर सायकलचं शेपूट हलतं.

दुरुस्तीसाठी पंप, दोन ट्यूब, ट्यूबलेसचं भोक बुजवायचे प्लग, टायर शिवायला जाड सुई आणि दोरा, चेन तोडायचं हत्यार, तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), अॅलन कीचा संच, थोडी झिप टाय आणि मजबूत चिकटपट्टी घ्या. आणि डिरेल्युर हँगर. मागचा डिरेल्युर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे फटका बसल्यावर फ्रेमऐवजी तो मोडेल. त्याचे आकार शेकडो आहेत आणि दुसऱ्याचा आपल्या सायकलला बसण्याची शक्यता कमी. स्वतःचा आणा, बॅगेच्या तळाशी टाका, विसरून जा.

५. चढावर, उतारावर, वळणावर

चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. दाब असताना गिअर बदलला की चेन कुरकुरते आणि कधी तुटते. खडीवर उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन सुटतं आणि ते जागच्या जागी फिरतं. बसून राहा, सीटच्या टोकाकडे सरका, कोपर वाकवून छाती थोडी खाली आणा. मागच्या चाकाला वजन मिळतं आणि पुढचं चाक उचललं जात नाही. पाय एकसारखे फिरवा. चाक घसरलंच तर एक क्षण जोर कमी करा, पकड परत येते. घसरलेल्या चाकावर आणखी जोर लावला की सायकल तिथेच थांबते.

वाटेच्या आडव्या छेदात कुठे काय असतं ते एकदा समजून घ्या. गाड्यांच्या दोन चाकोऱ्यांमध्ये जमीन दाबलेली असते, मधल्या उंचवट्यावर आणि कडेला सुटी खडी साचते. वळणावर ती बाहेरच्या बाजूला फेकली गेलेली असते. चाकोरीत राहा. चाकोरी बदलायचीच असेल तर मधला उंचवटा पातळ असेल तिथे, वेग कमी करून, शक्य तेवढा आडवा ओलांडा. तिरकं जात घासत गेलं की पुढचं चाक त्या ढिगाऱ्याला धरून सरकतं.

उतारावर हात हँडलच्या खालच्या वाकात, एक-दोन बोटं ब्रेकवर. पेडल दोन्ही एका पातळीत, शरीर सीटवरून जरा उचललेलं, गुडघे आणि कोपर सैल. नजर लांब. जवळचा दगड पाहत बसलं की सायकल त्याच दगडावर जाते. रस्त्यावर आडव्या लाटा पडल्या असतील तर कडेचा सपाट पट्टा शोधा. नसेल तर हँडल घट्ट न आवळता सायकलला अंगाखाली नाचू द्या.

ब्रेकचं काम वळणाच्या आधी संपवा. वळणात शिरल्यावर चाकाची पकड वळायला लागते, थांबायला उरत नाही. बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन, सायकल आत झुकवा पण धड त्यामानाने सरळ ठेवा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर डिस्क तापते. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा ब्रेक टाळू नका, थांबवण्याची खरी ताकद तोच देतो. सरळ रेषेत आणि हळूहळू दाब वाढवत वापरला तर खडीवरही तो सुरक्षित आहे. हे शिकायला एखाद्या सपाट खडीच्या तुकड्यावर तासभर द्या.

६. जंगलात शिरल्यावर

झाडांखाली ऊन-सावलीचे पट्टे डोळ्यांना फसवतात. प्रखर उन्हातून गर्द सावलीत शिरताना काही क्षण खड्डा दिसतच नाही, म्हणून जंगलाच्या तोंडाशी वेग कमी करा. गडद काळा गॉगल इथे घातक, पारदर्शक किंवा उजेडानुसार रंग बदलणारी काच हवी. ओल्या पानांखाली मूळ किंवा गोल दगड लपलेला असतो. मुळं आणि पडलेली फांदी चाकाने काटकोनात ओलांडा, त्यावर ब्रेक लावू नका, वळू नका.

सायकल वेगवान असते आणि जवळजवळ आवाज करत नाही. वन्यप्राण्यांच्या दृष्टीने हा धोकादायक मेळ आहे, कारण त्यांना सावध व्हायला वेळच मिळत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक सायकलस्वार वळणापलीकडे थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्या हल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. जिथे पुढचं दिसत नाही तिथे घंटी वाजवा, मोठ्याने बोला, वेग माणसाच्या धावण्याइतका करा. पहाट आणि संध्याकाळ ही प्राण्यांच्या पाण्यावर येण्याची वेळ, त्या वेळी नदीकाठच्या झाडीत नसावं. प्राणी समोर आलाच तर थांबा, सायकल तुमच्या आणि त्याच्यामध्ये धरा, पाठ न फिरवता मागे सरका. सायकल वळवून पळण्याचा प्रयत्न करू नका.

कानात हेडफोन नको. याला अपवाद मी मानत नाही.

७. ओढा आणि नदी ओलांडताना

या लेखातला हा भाग दोनदा वाचा, कारण इथली चूक दुरुस्त करता येत नाही.

पाण्यापाशी पोहोचलात की आधी उतरा आणि दोन मिनिटं नुसतं पाहा. पाणी गढूळ आहे का? तळ दिसत नसेल तर सायकलवर बसून जायचं नाही. तळाशी दगड घरंगळल्याचा खडखडाट ऐकू येतो का? येत असेल तर नदी चढलेली आहे, ओलांडण्याचा विचार सोडा. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा आणि पाच मिनिटांनी पाहा, तो बुडाला तर पाणी वाढतं आहे. मग एक काडी पाण्यात टाका आणि तिच्या बरोबरीने काठाने चाला. काडी तुमच्या चालण्यापेक्षा पुढे जात असेल आणि पाणी गुडघ्यापर्यंत किंवा वर असेल तर थांबायचं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणी दिसायला किरकोळ असतं, पण धावतं असेल तर माणसाला उचलतं.

तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असू शकतो. पूर तिथून येतो. नदीवर वर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या सूचना आधी माहीत करून घ्या. बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्या पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतात.

जागा निवडताना अरुंद ठिकाण टाळा. पात्र पसरट होतं तिथे पाणी उथळ आणि संथ असतं. वळणाच्या बाहेरच्या काठाशी डोह असतो. निवडलेल्या जागेच्या खाली धबधबा, आडवी पडलेली झाडं किंवा मोठे खडक असतील तर दुसरी जागा शोधा, कारण पाय निसटला तर तुम्ही तिकडेच जाणार.

चालत जाताना बूट घालूनच जा. पाठीवरच्या पिशवीचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा सोडा. सायकल तुमच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडे धरा. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह ती तुमच्यावरच लोटतो. सामान जड असेल तर आधी बॅगा, मग सायकल, असे दोन फेरे करा. प्रवाहाने सायकल ओढली तर ती सोडून द्या.

सायकलवर बसून जायचं असेल तर तळ स्पष्ट दिसला पाहिजे, पाणी १५-२० सेंमीपेक्षा जास्त नको आणि दुसरा काठ समोर दिसला पाहिजे. हलका गिअर, एकसारखं पेडल, हँडल सरळ. एक जागा मात्र अशी आहे की जिथे पाणी बोटभर असलं तरी मी नेहमी उतरतो: काँक्रीटचा फरशी पूल, ज्यावरून वर्षभर पाण्याची पातळ धार वाहते. त्यावर शेवाळ धरतं आणि तिथे चाक आणि माणूस एकाच क्षणी आडवे होतात. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबून काही मीटर चालवा, म्हणजे पॅड कोरडे होतील.

८. चिखल

वाळूमिश्रित चिखल त्रास देतो, चिकणमाती सायकल थांबवते. कॅन्ससच्या त्याच शर्यतीत २०२३ साली सुरुवातीलाच चिकट चिखलाचा लांब पट्टा लागला. भल्याभल्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या आणि ज्यांनी जोर लावून पेडल मारलं त्यांतल्या अनेकांचे डिरेल्युर मोडले. तिथले जुने स्पर्धक चिखल खरवडायला रंग ढवळायची सपाट लाकडी पट्टी सोबत ठेवतात. ही युक्ती घ्यावी अशीच आहे. चाक जड झालं की लगेच उतरा, फ्रेम आणि टायरमधली माती पट्टीने काढा, गवताच्या कडेने सायकल ढकला. चेन अडकत असताना पेडलवर कधीही उभं राहू नका.

९. पाणी, खाणं, संपर्क

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. भूक लागायची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या तासापासून खा. घाम जास्त येत असेल तर पाण्यात मीठही हवं.

नदीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका. ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. क्लोरीनच्या गोळ्या विषाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यांना दाद देत नाही. म्हणून वरच्या अंगाला वस्ती असेल तर फिल्टर करून मग गोळी टाका, किंवा पाणी खळखळून १ मिनिट उकळा. २००० मीटरच्या वर ३ मिनिटं.

खोल खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते. ती हवी असेल तर धारेवर चढा, खाली उतरून उपयोग नाही. घरच्या एकाला वाट, परतीची वेळ आणि कोणत्या वेळेनंतर शोध सुरू करायचा ते लिहून द्या. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणं उपयोगी आहेत, पण काही देशांत ती विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आधी नियम पाहा.

१०. परतल्यावर

त्याच दिवशी सायकल धुवा. यात स्वतःच्या सायकलइतकाच पुढच्या जंगलाचाही विचार आहे. टायरच्या गुठळ्यांत अडकलेल्या मातीतून बिया आणि झाडांचे रोग एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात. न्यूझीलंडमधले प्रचंड कौरी वृक्ष मुळं कुजवणाऱ्या एका सूक्ष्मजीवाने मरत आहेत आणि तो मातीतूनच पसरतो. तिथे अनेक वाटांवर बूट आणि चाकं स्वच्छ केल्याशिवाय आत जाता येत नाही.

साध्या नळाच्या धारेने आणि ब्रशने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. ओढा ओलांडला असेल तर चाकं आणि क्रँक (पेडलचे दांडे) हाताने फिरवून खरखर येते का पाहा. चेन पुसा, वाळू द्या, मग तेल. टायरच्या भिंतीवर बोट फिरवून काप शोधा, कारण आज सीलंटने बुजलेला काप पुढच्या उतारावर उघडतो. पॅड मोजा. शेवटी तुमचा जीपीएस ट्रॅक उघडा आणि कुठे वाट बंद होती, कुठे पाणी मिळालं, कोणता तुकडा ग्रेड ३ दाखवतो पण प्रत्यक्षात ग्रेड ५ आहे, ते ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्त करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तुमच्यानंतर त्या खोऱ्यात उतरणारा माणूस तोच नकाशा वाचणार आहे.